ताडपत्रीवरचा समुद्र

आमच्या अब्बांनी शिडाची नाव विकत घेतली तेव्हा त्यांना पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच त्यांच्याबद्दल भलता आदर बाळगायला नको. लोणावळ्याच्या बाजारात आमचं ताडपत्रीचं दुकान होतं. जीपचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या, बंगल्यांच्या व्हरांड्यांचे पडदे, कार्ल्याच्या रस्त्यावरच्या भजीवाल्यांची छपरं, सगळं अब्बा शिवायचे. मशीन सुरू झालं की मागच्या खोलीतल्या मांडणीवरची भांडीसुद्धा थरथरायची, आणि दुकानातला मेणाचा न् रबराचा वास आमच्या कपड्यांना, पुस्तकांना आणि अम्मीच्या मते डाळीलाही लागायचा. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात गणित घेऊन दुसऱ्या वर्षाला. वर्गात शेजारी बसणारी मुलगी मला हुंगून विचारायची, "काय गं, पाऊस येणारे का आज?"

पवनेच्या धरणाच्या पाण्यावर एका बंगलेवाल्याची छोटी शिडाची नाव होती. तिचं शीड फाटलं, ते तो आमच्याकडे शिवायला घेऊन आला आणि आमच्या घराचं वाटोळं तिथून सुरू झालं. शीड पोचवायला अब्बा स्वतः गेले, आणि त्या भल्या माणसानं त्यांना नावेत बसवून एक फेरी मारून आणली. संध्याकाळी घरी आले ते जेवायलाच बसेनात. म्हणाले, "हमीदा, तीस वर्षं मी कापड शिवलं ते वारा अडवायला. आज पाहिलं, कापड नीट कापलं तर वाराच कामाला लागतो गं." अम्मीनं भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, "मग त्याला म्हणावं, दुकान झाडून काढ." पण मी अब्बांचा चेहरा पाहिला होता. पन्नाशीचा माणूस प्रेमात पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा फार हेवा वाटला.

पुढं महिन्याभरात अम्मीच्या भावाचा, म्हणजे मामूचा, दाभोळहून फोन आला. अम्मीचं माहेर तिथं खाडीकाठी. मामू एसटीत कंडक्टर. त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं की एक मुंबईवाला आपली वीस फुटी नाव खाडीच्या एका फाट्यात चिखलात टाकून गेलाय, डोलकाठी शाबूत, सुकाणू शाबूत, शिडाच्या मात्र उंदरांनी चिंध्या केल्यात. उंदरांनी चिंध्या केल्यात हे ऐकून दुसरा कोणी फोन ठेवला असता. अब्बा म्हणाले, "शीड मी शिवतो." नाव न बघता घेतली. बाजारात बातमी पसरली तशी लोक दुकानात येऊन अब्बांना सलाम करायला लागले, "काय कॅप्टन, गोदी कुठं बांधताय, भाजी मंडईत का?" चिक्कीवाल्यानं तर एक पुडा फुकट दिला, समुद्रात लागेल म्हणून.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल, की नाव ट्रकवर टाकून का नाही आणली? सगळ्यांनी विचारलं. अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं: "घोडा घेतला तर तो काय डोक्यावर घेऊन घरी येता?" ठरलं असं, की दाभोळपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर यायचं, हर्णै, बाणकोट, दिघी, रेवदंडा करत धरमतरच्या खाडीत शिरायचं, आणि तिथून मात्र ट्रकवर टाकून घाट चढवून पवनेवर आणायची. यावर किसनआबा म्हणाले होते, "म्हंजी शेवटाला ट्रकच ना? मंग आदीपास्नंच ट्रक करा की. हितं समुद्र कुटं हाय?" पण असं म्हणणारे किसनआबा हेच अब्बांच्या या खुळातले पहिले खलाशी होते. कार्ल्याला त्यांची भातशेती, रस्त्याला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. अब्बा आणि ते शाळेत एका बाकावर नापास झालेले. अब्बा विहिरीत उडी मारायला निघाले असते तर किसनआबांनी आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग स्वतः दोर आणला असता.

रोज संध्याकाळी दुकानात सभा भरायची. नकाशा म्हणून माझ्या शाळेचं ॲटलास होतं, त्यात दाभोळ ते धरमतर हे सगळं अंतर बोटाच्या एका पेराएवढं. अब्बा वैतागले. त्यांनी आठ फुटी हिरवी ताडपत्री कापण्याच्या टेबलावर पसरली आणि शिंप्याच्या खडूनं तिच्यावर अख्खा किनारा मोठा करून काढला. मग खडू पुसला जाईल म्हणून त्यावर लाल दोऱ्याची टीप मारली. प्रत्येक मुक्कामाला पंचानं भोक पाडून पितळी रिंग ठोकली, ताडपत्रीला दोरी ओवायला ठोकतात तशी. दाभोळला मात्र रिंग नव्हती, तिथं नुसतं खडूनं लिहिलेलं, "सासुरवाडी, जेवण." ती ताडपत्री आजही माझ्याकडे आहे. नातेवाईक विचारतात, हे काय टांगलंय भिंतीवर? मी सांगते, समुद्र आहे.

सभेत काय काय चालायचं ते आठवलं की आजही हसू येतं. दोन मुक्कामांमधलं अंतर मेजरिंग टेपनं मोजायचं आणि एसटीच्या वेगानं भागायचं. किसनआबांनी शिध्याची यादी केली होती: पाच पायल्या इंद्रायणी तांदूळ, सुकट, लसूण चटणी, गुळाची ढेप, स्टोव्ह, आणि बोकड. "जिता न्यायचा," ते म्हणाले, "लागंल तवा कापायचा." वीस फुटी नावेत तीन माणसं आणि एक जिता बोकड यावर दोन दिवस गंभीर चर्चा झाली. वाऱ्याचं खातं माझ्याकडे होतं, कारण सातवीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे मी पाठ केले होते: दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे. या दोन ओळींच्या बळावर मी मोहिमेची हवामान अधिकारी झाले. आणि या सगळ्याला दर तासाला चहा लागायचा. अम्मी मागच्या दारातून ट्रे घेऊन यायची, टेबलावरच्या समुद्राकडे एक नजर टाकायची, कधी नाकातल्या नाकात हसायची, आणि रिकामे कप उचलून आत जायची. आम्हाला वाटायचं, ती बोकडाला हसते.

मला त्या नावेत बसायचं होतं. नुसतं हौसेनं नव्हे, जीव तुटायचा माझा. लोणावळ्यातल्या मुलीला जग दिसतं ते पॉइंटावरून: कठड्याला धरायचं, खाली कोकण बघायचं, भुट्टा खायचा आणि घरी यायचं. माझ्या मैत्रिणींची एकेक करून लग्नं ठरत होती. मला एकदा तरी कठड्याच्या पलीकडे जायचं होतं. पण तिसरा खलाशी म्हणून अब्बांनी चुलतभाऊ सलीमला धरलं होतं, ज्याला खंडाळ्याच्या वळणावर गाडी लागायची.

माझं नशीब उघडलं ते गणू तांडेलामुळे. तांडेल म्हणजे नावेचा मुख्य. हा मामूच्या ओळखीचा, दाभोळचा म्हातारा खारवी, जन्म मासेमारीत गेलेला. नाव ज्या फाट्यात होती तिथं ओहोटीला नुसता चिखल, नाव तरंगणार ती फक्त भरतीला, आणि भरती रोज वेगळ्या वेळी. अब्बांनी दुकानातून फोन लावून विचारलं, भरतीचं टाइमटेबल कुठं मिळतं? गणू तांडेल इतका हसला की मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आलं. "टाइमटेबल कसलं? चंद्राची तारीख घ्या, तिची पाऊणपट करा. तितक्या वाजता भरती. माझा बापूस पण हेच करायचा." आज माझा भाचा फोनवर बोट फिरवून कुठल्याही बंदराची भरती मिनिटासकट सांगतो, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र ते सूत्र ऐकून अंगावर काटा आला होता. चार तारखेला तीन वाजता, आठ तारखेला सहा वाजता! मी दुकानाच्या भिंतीवरचं मशिदीचं कॅलेंडर काढलं, दोन महिन्यांच्या चांदाच्या तारखा लिहिल्या आणि सगळ्या मुक्कामांच्या भरत्यांचा तक्ता करून टाकला. अब्बांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर शिवलं. निघायचा दिवस ठरला चांदाची बावीस: पाऊणपट साडेसोळा, म्हणजे साडेचार, आणि भरती दिवसातून दोनदा, म्हणून पहाटे साडेचारची धरायची, उजाडायच्या आत खाडीबाहेर.

"तक्ता हिनं केलाय, तर हिलाच नेऊ," अब्बा जेवताना म्हणाले. सलीमनं लगेच मान हलवली, त्याचा जीव भांड्यात पडला होता. मी अम्मीकडे बघितलं. ती वाढता वाढता थांबली. "जाऊ दे की," ती म्हणाली, "पण माझी एक अट आहे. त्या तक्त्यात एक चूक जरी निघाली तर ही घरी. पाण्यात चुकीला माफी नसते." मी छाती ठोकून म्हटलं, गणितात मला पैकीच्या पैकी असतात. अम्मी म्हणाली, "हो, ते गणितात."

निघायला बारा दिवस उरले होते. रविवारी किसनआबांनी आम्हाला कार्ल्याला जेवायला बोलावलं, बोकडाचा प्रश्न त्याला खाऊन मिटवायचा होता. रस्सा, भाकरी, इंद्रायणीचा भात, आणि वासानंच अर्धं पोट भरलेलं. किसनआबांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. ती सगळ्यांना वाढत होती, स्वतः मात्र बाजूला साबुदाण्याची वाटी घेऊन बसलेली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही?"

"न्हाई गं बाय, आज एकादस हाय माजी. ह्यांनी आजच बोकूड कापलं, ह्यांला कुटं काय कळतंय!"

मी घास तोंडाशी नेला आणि तिथंच थांबले. एकादशी म्हणजे अकरा. आणि सकाळीच तक्ता बघून आले होते मी, आज चांदाची दहा. आकाशात चंद्र एकच होता, आणि आम्ही शेजारी शेजारी बसून तो वेगवेगळा मोजत होतो! त्यांची तिथी अमावस्या संपली की सुरू होते, आमची तारीख चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर. गणू तांडेलानं चंद्राची तारीख म्हटलं ती तिथी, आणि मी लावली होती मशिदीची तारीख. बकरी ईद चांदाच्या दहा तारखेची; ती आणि आषाढी एकादशी एका दिवशी आली की पेपरात दरवेळी फोटो येतो. दहा आणि अकरा, इतकं डोळ्यांसमोर असून मला ते सुचलं नव्हतं. मी हात न धुताच उठून त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तिथं पंधरानंतर मोजणी परत एकपासून सुरू होत होती. आमचा निघायचा दिवस वद्य अष्टमीचा होता. आठाची पाऊणपट सहा. माझ्या तक्त्यात साडेचार.

परत येताना टेम्पोत मी डोळे मिटून बोटांवर तारखा मोजत होते. अब्बांना वाटलं, बोकड जास्त झाला. मी मनातल्या मनात सगळे बहाणे करून बघितले. दीड तासानं काय होतंय? लवकर पोचू, चिखलात बसून राहू, पाणी येईल तेव्हा येईल. कुणाला कळणारही नाही. नवा तक्ता गुपचूप करून त्याच कव्हरात सरकवला तर? मी तो रात्रीतून केलाही असता, माझं अक्षर आणि माझाच कागद. पण पुढच्या मुक्कामांचे आकडे आठवले, बाणकोटच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे असं गणू तांडेल म्हणाला होता तेही आठवलं. माझ्या तक्त्यात मी न समजता केलेला आणखी किती गाढवपणा असेल हे मला कुठं माहीत होतं? आणि पोहता न येणारे अब्बा माझ्या आकड्यांवर विश्वास टाकून नावेत बसणार होते.

दुकानात पोचल्याबरोबर मी सांगून टाकलं. अब्बा, किसनआबा आणि चहाचा ट्रे घेऊन उभी अम्मी, तिघांच्या समोर. सगळा तक्ता चुकलाय, चंद्र त्यांचा हवा होता, मी आपला धरला. मग मला रडू आलं, कारण जागा गेली होती.

किसनआबा डोकं खाजवत म्हणाले, "म्हंजी तुमचा चंद्र आमच्या मागं हाय व्हय? लय दिसापास्नं मला वाटतच हुतं." अब्बा ताडपत्रीवरच्या दाभोळकडे बघत राहिले.

अम्मीनं ट्रे खाली ठेवला. "चांदाच्या तारखेत एक मिळवायचा," ती म्हणाली, "पंधराच्या वर गेली तर पंधरा वजा करायचे, मग पाऊणपट. माझा बाप असंच करायचा. शेजारचे खारवी तिथीनं मोजायचे, आम्ही चांदानं, आणि दोघांच्या नावा एकाच वेळी सुटायच्या."

माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, मचव्यावर, मोठ्या शिडाच्या नावेवर, तांडेल होते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा फोटो आमच्या मागच्या खोलीत होता, पाठीमागे डोलकाठीसकट. अम्मी लग्न होऊन घाट चढून येईपर्यंत त्या खाडीच्या काठावर वाढली, हेही माहीत होतं. त्याच जोरावर जेवणाचा मुक्काम तिथं धरला होता. तीन महिने आम्ही तिच्या घरात बसून समुद्र शिकत होतो, सातवीच्या भूगोलातून. आणि तिला मात्र साखर कमी आहे एवढंच सांगत होतो.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" अब्बांनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" अम्मी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते, आणि ते बघून मला माझं रडणं फार फालतू वाटलं. "आणि अष्टमीला कोण निघतं हो? अष्टमीला भांगाचं पाणी असतं, निम्मी भरती. ती नाव चिखलातून उचलणारसुद्धा नाही. तुम्ही सहा वाजता बसा, नाहीतर साडेचारला बसा, तिथंच बसणार. पाणी चढतं ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास."

"अवसेला?" किसनआबा दचकले. "अवसेला म्या उंबरा न्हाई वलांडायचो वैनी, सांगून ठिवतो."

"अमावस्येला नको, बीजेला निघा. तुमचा दिवस चांगला, आमचाही चांद त्याच सुमाराला दिसतो. दुपारी दीडला भरती. तेव्हा नाव फाट्यातून काढून मोठ्या खाडीत आणून उभी करायची, आणि पहाटेच्या वाऱ्यानं बाहेर पडायचं."

एवढं बोलून तिनं अब्बांच्या कानावरचा खडू काढून घेतला. पदर खोचला आणि टेबलावर वाकली. बाणकोटच्या तोंडाशी वाळूचा दांडा काढला, कुठल्या बाजूनं जायचं त्याची रेघ ओढली, हर्णैला किल्ल्याच्या आतल्या अंगाला खडक दाखवले. कुठं गोडं पाणी मिळतं, कुठल्या गावात तिच्या मावसबहिणीचं घर आहे, कुठल्या ठिकाणी बापानं एकदा तिलाच सुकाणू धरायला दिलं होतं, सगळं तिच्या बोटांत होतं. बघता बघता आमची लाल टिपेची रेघ चार ठिकाणी खोटी ठरली. शेवटी तिनं पंच उचलला, "सासुरवाडी, जेवण" तळहातानं पुसून टाकलं, तिथं भोक पाडलं आणि दाभोळला रिंग ठोकली, एका घावात.

मी नाक पुसत विचारलं, "मग आता माझं?"

"तू येणार," अम्मी म्हणाली. "आपली चूक तोंडानं सांगणारं माणूस नावेत लागतं. सुकाणू मी धरेन. या दोघांना न्यायचं का नाही ते बघू."

नाव आली, हे सांगायला हवं. पाचाच्या ठिकाणी नऊ दिवस लागले, किसनआबांनी हर्णैपासून रेवदंड्यापर्यंत ज्या ज्या देवाला नवस बोलले ते अजून फिटलेले नाहीत, आणि अब्बांनी शिवलेलं शीड वाऱ्यानं पहिल्यांदा भरलं तेव्हा ते बघायचं सोडून अब्बा नावेच्या काठावरून ओकत होते. पण त्या प्रवासाचं मला इतकं आठवत नाही जितकी ती संध्याकाळ आठवते. अब्बा आता नाहीत. अम्मी आहे, आणि अजूनही मशिदीच्या तारखेत एक मिळवून मगच बोलते.

त्या संध्याकाळी अम्मी टेबलावर वाकलेली असताना ट्रेमधला चहा कधीच गार झाला होता. अब्बांनी तो बघितला. तीन महिन्यांतले किती ट्रे त्यांना आठवले असतील कोण जाणे. त्यांनी तो मुकाट्यानं उचलला आणि मागच्या खोलीत गेले. आत भांडी पडल्याचा आवाज झाला, मग स्टोव्हला पंप मारल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. अम्मीचा खडू रेवदंड्यापर्यंत पोचला होता. तेवढ्यात दारातून अब्बांचा आवाज आला, हळू, लाजलेला.

"हमीदा, एक विचारू का? आपल्याकडे साखर कुठं असते गं?"